अनुभववाद आणि कांट: ज्ञान आलं कुठून आणि टिकतं कशाच्या जोरावर? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लॉक, ह्यूम आणि कांट वाचायला घेतले की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, परीक्षेची तयारी करणाऱ्यांकडून येतात आणि नोकरी सांभाळून हौसेनं वाचणाऱ्यांकडूनही येतात. त्यातले जे खरंच वाट अडवतात ते इथे घेतलेत. शक्यतो क्रमानं वाचा, कारण ह्यूमचा प्रश्न आधी नीट टोचला नाही तर कांटचं उत्तर म्हणजे नुसतं शब्दांचं जंजाळ वाटतं.

भांडण नेमकं कशावरून आहे? थोडक्यात सांगा ना.

अनुभववादी (सगळं ज्ञान अनुभवातूनच येतं असं म्हणणारे लॉक, बर्कली, ह्यूम) विचारतो, हे ज्ञान तुझ्याकडे आलं कुठून? कांट विचारतो, आलं असेल कुठूनही, पण ते खरं धरून चालायचा हक्क तुला कशानं मिळाला? जमिनीच्या वादात आपल्याला हे लगेच कळतं. शेत तीन पिढ्या तुम्ही कसताय, हा झाला ताबा, पण कागद कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न वेगळाच. आणि ही तुलना मी ओढूनताणून आणलेली नाही बरं का, कांटनंच ती कायद्याच्या भाषेतून उचललीय. तो म्हणतो की कायदेपंडित वस्तुस्थितीचा प्रश्न आणि हक्काचा प्रश्न वेगवेगळे ठेवतात, आणि लॉकनं जे केलं ते शुद्ध संकल्पना (कारण, द्रव्य यांसारख्या, ज्या अनुभवातून आलेल्या नाहीत असं कांट मानतो) आपल्या ताब्यात कशा आल्या याचं वर्णन झालं, त्यानं हक्क सिद्ध होत नाही. हे एवढं पक्कं धरून ठेवा, पुढचं बरंचसं यावरच उभं आहे.

पण पुस्तकात तर लिहिलंय की एका बाजूला अनुभव, दुसऱ्या बाजूला बुद्धी, आणि कांटनं दोघांचा समन्वय केला?

गाइडमधलं हे वाक्य खोटं नाही, पण त्यानं घोटाळा फार होतो. वाचणाऱ्याला वाटतं की देकार्त आणि लायब्निझ या बुद्धीला मुख्य मानणाऱ्यांचं थोडं घेतलं, लॉक आणि ह्यूमचं थोडं घेतलं आणि मिसळून टाकलं. कांटनं दोन्ही बाजूंना धरून ठेवणारं एक गृहीतच काढून घेतलं. दोघंही मानत होते की वस्तू तिकडे तयार आहेत आणि आपलं ज्ञान त्यांच्याशी जुळायला हवं, भांडण होतं ते जुळवायचं कशानं, इंद्रियांनी की बुद्धीनं. कांट म्हणाला उलटं करून बघू, वस्तूच आपल्या जाणण्याच्या रीतीशी जुळत असतील तर? कोपर्निकसनं तारे फिरवायचे सोडून बघणाऱ्याला फिरवलं तसं, असं तो आपल्या मुख्य ग्रंथाच्या, 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा'च्या, १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगतो.

लॉकचा कोरा कागद म्हणजे माणूस जन्माला येताना काहीच घेऊन येत नाही?

विचार, तत्त्वं, कल्पना घेऊन येत नाही, पण शक्ती घेऊन येतो. लक्षात ठेवणं, तुलना करणं, वेगळं काढणं या ताकदी लॉक नाकारतच नाही. मानवी आकलनावरचा त्याचा मोठा ग्रंथ, ज्याला तो 'निबंध' म्हणतो, छापला गेला १६९० हे साल टाकून (बाजारात मात्र १६८९ च्या डिसेंबरातच आला होता) आणि त्याचा पहिला हल्ला होता जन्मजात तत्त्वांवर: 'जे आहे ते आहे' हे तत्त्व जर जन्मतः मनावर कोरलेलं असेल तर लहान मुलांना ते का ठाऊक नसतं? मग सगळा माल दोन वाटांनी आत येतो, एक इंद्रियांची आणि दुसरी मन स्वतःच्याच कामाकडे बघतं ती.

यातला सगळ्यात सुंदर प्रश्न लॉकला पत्रातून आला, डब्लिनच्या विल्यम मॉलिन्युक्सकडून. जन्मापासून आंधळा माणूस, हातानं चाचपून चेंडू आणि ठोकळा ओळखतो, त्याला अचानक दिसायला लागलं तर न शिवता, नुसतं बघून तो कोणता चेंडू हे सांगू शकेल का? मॉलिन्युक्स म्हणाला नाही, लॉकनंही मान डोलावली आणि निबंधाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा प्रश्न घातला. मॉलिन्युक्सच्या स्वतःच्या बायकोची दृष्टी गेलेली होती, त्यामुळे हा प्रश्न मला कधीच कोरडा वाटला नाही.

लॉक आणि ह्यूमच्या मधला अनुभववादी बर्कली, तो मध्ये कशाला? थेट ह्यूमवर गेलं तर चालेल?

चालेल, पण एक गोष्ट घेऊन जा. लॉक म्हणतो रंग, चव, गरम-थंड हे आपल्यावर अवलंबून, आकार आणि गती मात्र वस्तूचे स्वतःचे. एक हात गरम झालेला आणि एक गार पडलेला असेल तर त्याच पाण्यात दोन्ही बुडवल्यावर एकाला गार वाटतं, दुसऱ्याला कोमट, हे उदाहरण लॉकचंच. बर्कली १७१० मध्ये म्हणतो की हाच न्याय आकाराला का लावत नाही, तोही जवळून वेगळा आणि लांबून वेगळा दिसतो. मग मनाबाहेरचं जड द्रव्य उरतंच कुठे? उरतात मनं आणि त्यांना जाणवणारं. म्हणजे अनुभववाद प्रामाणिकपणे पुढे ढकलला तर जगच हातातून सुटतं की काय, ही भीती इथून सुरू होते.

ह्यूमनं कार्यकारणभाव नाकारला का?

नाकारला नाही. त्यानं त्याचा कागद मागितला आणि कागद निघाला नाही.

बिलियर्डच्या टेबलावर एक चेंडू येऊन दुसऱ्यावर आपटतो, दुसरा पळतो. ह्यूम म्हणतो नीट बघ, तुला काय काय दिसलं? पहिला हलला, शिवला, दुसरा हलला. 'हलायलाच हवा होता' हे कुठे दिसलं? ते डोळ्याला दिसत नाही आणि नुसत्या विचारातूनही निघत नाही, कारण पहिल्या माणसाला, आदमला, पाण्याचा पारदर्शकपणा आणि पातळपणा बघून कितीही डोकं चालवलं तरी कळलं नसतं की याच पाण्यात आपण गुदमरून मरू. मग ही अपरिहार्यता येते कुठून? एकामागून एक तेच घडताना शंभरदा पाहिलं की मनाला सवय लागते, पहिलं दिसलं की मन आपोआप दुसऱ्याकडे धाव घेतं, आणि मनाची ही ओढच आपण बाहेर वस्तूंवर चिकटवतो. बरं, 'आत्तापर्यंत असं झालं म्हणून पुढेही होईल' याचा पुरावा काय, तर आत्तापर्यंत पुढे तसंच होत आलंय, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच हळूच गृहीत धरलं. या गोलातून बाहेर पडायला ह्यूमनं एकही फट ठेवलेली नाही, आणि त्यासाठी मला तो फार आवडतो, ज्यानं त्याला घाईघाईत खोडून काढलं त्यानं तो वाचलेलाच नाही असं मी समजतो.

यातला मूळ विचार पहिल्यांदा मांडणारा पोरगा सत्तावीस वर्षांचा होता, १७३९ ला त्याच्या मानवी स्वभावावरच्या ग्रंथाचे (ट्रीटाइज) पहिले दोन खंड निघाले तेव्हा. लिखाणाचा बराच भाग फ्रान्समधल्या ला फ्लेशला झाला, जिथे कधीकाळी देकार्त शाळेत होता.

म्हणजे उद्या सूर्य उगवेल यावर ह्यूमचा विश्वास नव्हता?

होता ना, पूर्ण होता. त्याचं म्हणणं एवढंच की हा विश्वास तर्काच्या जोरावर नाही, सवयीच्या जोरावर आहे, आणि निसर्गानं आपल्याला असंच घडवलंय ते बरंच केलंय. ताबा आहे, मजबूत आहे, कुणी हलवू शकणार नाही. हक्काचं विचारू नका.

कांटला ह्यूमनं झोपेतून जागं केलं म्हणतात, ते काय?

कांट क्योनिग्सबर्गचा (आजचं रशियातलं कालिनिनग्राद), घोड्यांचा साज बनवणाऱ्याचा मुलगा. १७७० ला त्याच गावात तर्कशास्त्र आणि सत्ताशास्त्राचा (मेटाफिजिक्सचा) प्राध्यापक झाला आणि मग जवळजवळ दहा वर्षं त्यानं मोठं असं काही छापलंच नाही. १७७२ च्या फेब्रुवारीत त्यानं आपला जुना विद्यार्थी मार्कुस हेर्त्सला पत्र लिहिलं, त्यात त्याला छळणारा प्रश्न स्पष्ट दिसतो: आपल्या मनातली कल्पना वस्तूला लागू होते ती कशाच्या आधारावर? वस्तूनं ती आपल्यात निर्माण केली असेल तर ठीक, पण जी कल्पना वस्तूकडून आलेलीच नाही तिचं काय? १७८१ ला 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' आली, लोकांना कळेना, म्हणून १७८३ ला त्यानं सोपं करून 'प्रोलेगोमेना' हे छोटं पुस्तक लिहिलं आणि तिथे कबूल केलं की ह्यूमच्या आठवणीनं आपली आंधळ्या श्रद्धेतली झोप मोडली. ह्यूमचं उत्तर त्याला पटलं नाही, पण प्रश्न बरोबर आहे हे त्यानं ओळखलं, आणि ह्यूमवर तुटून पडलेल्या टीकाकारांना मुद्दाच समजला नाही अशी त्याची तक्रार होती.

कांट सारखा वापरतो तो 'ट्रान्सेन्डेंटल' शब्द, म्हणजे अतींद्रिय का? ध्यानाशी काही संबंध आहे?

अजिबात नाही. या शब्दाला मराठीत एकच ठरलेला प्रतिशब्द रुळलेला नाही आणि 'अतींद्रिय' केलं की अर्थाचा पार विचका होतो, म्हणून मी ट्रान्सेन्डेंटलच लिहिते. अनुभवाच्या पलीकडे जे आहे, म्हणजे ईश्वर किंवा अमर आत्मा, त्यासाठी कांट ट्रान्सेन्डेंट हा वेगळा शब्द वापरतो (स्वतः कधी कधी गडबड करतो, पण फरक महत्त्वाचा आहे). ट्रान्सेन्डेंटल म्हणजे अनुभवाच्या अलीकडचं, अनुभव शक्य होण्यासाठी काय काय आधीच लागतं त्याची चौकशी. पलीकडे नाही, अलीकडे.

कांटचं 'अनुभवपूर्व' (आ प्रायोरी) आणि जन्मजात एकच ना?

हा गोंधळ सगळ्यात जास्त दिसतो. जन्मजात हा काळाचा प्रश्न आहे, आधी होतं की नंतर आलं. अनुभवपूर्व हा आधाराचा प्रश्न आहे, ते खरं ठरायला अनुभवाचा आधार लागतो की नाही. कांट 'चिकित्से'च्या दुसऱ्या आवृत्तीतल्या उपोद्घाताच्या पहिल्याच पानावर सांगतो की आपलं सगळं ज्ञान अनुभवापासून सुरू होतं, याबद्दल शंकाच नाही, पण म्हणून ते सगळं अनुभवातून निघतं असं होत नाही. १७९० ला एबरहार्ड या टीकाकाराला उत्तर देताना तर त्यानं साफ लिहिलं की जन्मजात कल्पना वगैरे मी मानतच नाही, सगळं मिळवलेलंच असतं. त्यामुळे तान्ह्या बाळांवर प्रयोग करून 'बघा, कांट बरोबर निघाला' किंवा 'चूक निघाला' असं कुणी म्हटलं की तो ताब्याचा पुरावा घेऊन हक्काच्या खटल्यात आलाय असं समजा.

७ + ५ = १२ यात एवढं काय आहे?

ह्यूमनं सगळी विधानं दोन पोत्यांत टाकली होती: कल्पनांमधले संबंध (गणित, नाकारलं तर विसंगती) आणि वस्तुस्थिती (नाकारता येते, अनुभवच सांगेल). कांट म्हणतो तिसरं पोतं आहे. सात, पाच आणि बेरीज या कल्पना कितीही उकलल्या तरी बारा त्यात सापडत नाही, बोटं मोजावी लागतात, ठिपके मांडावे लागतात, म्हणजे ज्ञानात भर पडते. आणि तरीही ते अपरिहार्य आहे, उद्या बदलणार नाही. भर घालणारं आणि तरी अनुभवावर न टेकलेलं. 'प्रत्येक घटनेला कारण असतं' हेही त्याच जातीचं, असा त्याचा दावा.

अंकगणिताबद्दल फ्रेग या जर्मन तर्कशास्त्रज्ञानं १८८४ ला हे अमान्य केलं (भूमितीबद्दल मात्र कांटला मान्यता दिली), आणि मला फ्रेगचं पटतं. पण तिसरं पोतं आहे का हा प्रश्न त्यानं संपत नाही.

आता मुख्य सांगा, कांटनं ह्यूमला उत्तर दिलं का आणि कसं?

इथे वेळ द्या. कांटची दोन उदाहरणं आहेत, एक घर आणि एक प्रवाहात खाली जाणारी नाव.

घरासमोर उभे राहा. नजर छपरापासून पायापर्यंत नेली तर आधी छप्पर दिसतं मग भिंत मग जोतं, खालून वर नेली तर उलट, डावीकडून उजवीकडे नेली तर आणखी तिसरंच. प्रत्येक वेळी मनात एकामागून एक चित्रं येतात, पण छप्पर आधी झालं आणि जोतं नंतर असं आपण म्हणत नाही, घर एकदमच उभं आहे हे आपल्याला माहीत असतं. आता नाव बघा. आधी वरच्या अंगाला दिसली, मग खालच्या. इथेही मनात एकामागून एक चित्रं. पण इथे आपण म्हणतो की काहीतरी *घडलं*, नाव सरकली, आणि हा क्रम मला उलटा करता येत नाही.

आता प्रश्न असा की मनात तर दोन्हीकडे सारखंच आहे, एक चित्र आणि मग दुसरं चित्र, मग यात घर आणि त्यात घटना हा फरक मी करते कशावरून? काळ काही डोळ्याला दिसत नाही, प्रत्येक चित्रावर तारीख-वेळेचा शिक्का नसतो. कांटचं उत्तर: दुसऱ्या प्रसंगात मी तो क्रम एका नियमानं बांधलेला आहे असं धरते, आधीच्या अवस्थेत असं काहीतरी आहे की ज्याच्यामागून नियमानं हे येतं. म्हणजे कारण ही कल्पना घटना पाहून पाहून सवयीनं तयार झालेली नाही, ती नसेल तर मुळात घटना म्हणून काही दिसणारच नाही, नुसता चित्रांचा लोंढा राहील.

आता ह्यूमकडे परत या. त्याची गोष्ट सुरूच कशी होते? 'मी पाहिलं की आगीमागून उष्णता आली, पुन्हा आली, पुन्हा आली.' थांबा, आग आधी *घडली* आणि उष्णता मागून *घडली* हे तुला कसं कळलं? नुसत्या मनातल्या क्रमावरून तर नाही. ज्या शिडीनं तो कारणापर्यंत चढू बघतो तिची पहिली पायरीच कारणावर टेकलेली आहे. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती, आणि आजही कुणाला समजावताना समोरच्याचा चेहरा बदलतो तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

मग ह्यूम हरला?

नाही, घाई करू नका. पी. एफ. स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९६६ ला दाखवलं की इथे एक उडी आहे: माझ्या *पाहण्याचा* क्रम उलटता येत नाही हे ठीक, पण त्यावरून *घडण्याचा* क्रमही अपरिहार्य होता हे कसं निघालं? हा साधा तार्किक घोटाळा आहे असं त्यानं फार कडक शब्दांत म्हटलंय. तत्त्वज्ञ बॅरी स्ट्राउडनं १९६८ ला आणखी खोल घाव घातला. कांटच्या पद्धतीच्या युक्तिवादातून फार तर एवढं निघतं की आपल्याला असं *मानावं लागतं*, ते *तसं आहे* हे निघत नाही. आणि मानावं लागतं हे तर ह्यूम पहिल्यापासून सांगतोय!

माझं मत विचाराल तर प्रत्येक घटनेला कारण असतंच हे कांटनं सिद्ध केलेलं नाही. पण नुसत्या संवेदनांचे तुकडे एकावर एक रचून वस्तू, घटना आणि काळ असलेलं जग तयार होतं, हे लॉक आणि ह्यूमचं चित्र त्यानंतर पुन्हा पूर्वीसारखं उभं राहू शकलेलं नाही.

'मी' बद्दल दोघांत काय फरक?

ह्यूम म्हणतो मी माझ्या आत कितीही डोकावलो तरी थंडी, उष्णता, प्रेम, दुःख असं काहीतरीच सापडतं, 'मी' कधी सापडत नाही, म्हणून मन म्हणजे अनुभवांची मोळी. गंमत नाही, खरी वेदना आहे यात, कारण त्याच ट्रीटाइजच्या १७४० च्या परिशिष्टात त्यानं स्वतःच लिहिलं की मोळी बांधणारा दोर मला सापडत नाही, माझं उत्तर मलाच समाधानकारक वाटत नाही. एवढा प्रामाणिकपणा तत्त्वज्ञानात विरळा. कांट मान्य करतो की आत डोकावून 'मी' सापडत नाही. पण ते अनुभव *माझे* म्हणायचे असतील तर 'मी विचार करतो' हे त्यांच्यासोबत जोडता यायला हवं, आणि हा 'मी' कोणतीही वस्तू नाही, आत्मा नाही, तो म्हणजे जोडण्याच्या क्रियेची एकता. देकार्तसारखं त्यावरून अमर आत्म्यापर्यंत उडी मारू नका, हेही तो बजावतो.

शेवटी कांट म्हणजे बर्कलीच ना? सगळं मनातच?

१७८२ ला गटिंगेनच्या नियतकालिकात आलेल्या परीक्षणात हेच म्हटलं होतं आणि कांट भडकला होता. १७८७ च्या आवृत्तीत त्यानं 'सगळं मनातच' या मताचं खास खंडन घातलं: मी काळात आहे हे मला कळायचं तर माझ्याबाहेर टिकून राहणारं काहीतरी हवंच. अवकाश आणि काळ ही आपल्या पाहण्याची रूपं आहेत, पण त्यातली टेबलं आणि झाडं खरी आहेत, स्वप्न नाहीत.

मग हे वेदांतासारखं झालं की, माया आणि ब्रह्म?

ही तुलना जुनी आहे, टिळकांच्या १९१५ च्या गीतारहस्यात अध्यात्माच्या प्रकरणात कांट येतो आणि 'वस्तुतत्त्व' (आपल्याला दिसते तशी नव्हे, तर वस्तू स्वतः जशी आहे ती) हा शब्दही तिथे भेटतो. साम्य दिसतं, पण दोन ठिकाणी अडतं. कांटचं दिसणारं जग भ्रम नाही, न्यूटनचं पदार्थविज्ञान त्याबद्दल खरंखुरं सत्य सांगतं असं तो मानतो. आणि वस्तुतत्त्व आपल्याला कधीच कळणार नाही, साधना करून नाही, ज्ञान होऊन नाही, साक्षात्कारानं तर नाहीच. उलट चार्वाकांनी अनुमानावर घेतलेली शंका ह्यूमच्या बरीच जवळ जाते, त्यावर मराठीत जास्त लिहिलं गेलं पाहिजे.

आईन्स्टाईननं कांटला खोटं ठरवलं ना?

अवकाश युक्लिडचाच असणार हा कांटचा समज टिकला नाही हे मान्य करायला हवं, लोबाचेव्हस्की (१८२९) आणि बोल्याई (१८३२) यांनी दुसरी भूमिती शक्य आहे हे दाखवलं आणि १९१५ च्या सामान्य सापेक्षता सिद्धांतानं युक्लिडबाहेरचीच, रीमानची, भूमिती वापरली. पण विज्ञानाचा तत्त्वज्ञ राइशेनबाखनं १९२० ला चांगला फरक केला: अनुभवपूर्व म्हणजे कधीच न बदलणारं, हा एक अर्थ, आणि वस्तू म्हणून काही समोर यावं यासाठी आधी लागणारं, हा दुसरा. पहिला सोडा, दुसरा धरा.

वाचायला सुरुवात कुठून करू?

आधी ह्यूमचं १७४८ चं छोटं पुस्तक (मानवी आकलनावरचं, इंग्रजीत 'एन्क्वायरी'), त्यातलं दुसरं ते पाचवं प्रकरण आणि सातवं, एवढं दोन आठवड्यांत आरामात होतं. मग कांटचं १७८३ चं 'प्रोलेगोमेना'. मोठ्या ग्रंथाला, 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा'ला, लगेच हात घालू नका, आणि घातलात तर दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना, अवकाश-काळाचं प्रकरण आणि मग थेट घर-नावेचा भाग वाचा, संकल्पनांचा हक्क सिद्ध करणारं अवघड प्रकरण शेवटी ठेवा, ते त्यानं स्वतःच १७८७ ला नव्यानं लिहून काढलं होतं. समासात दोन प्रकारचे आकडे दिसतील, ए म्हणजे १७८१ ची आवृत्ती आणि बी म्हणजे १७८७ ची, नावेचं उदाहरण ए १९२ / बी २३७ च्या आसपास सापडेल.